इंग्रजी वाङ्मयाचा पेपर आणि परीक्षागृहाबाहेर राहिलेली उत्तरे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पदवी वर्गांच्या हिवाळी परीक्षा सध्या सुरू आहेत. त्यांतील एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी वाङ्मयाचा पेपर नुकताच झाला. आमच्या तालुक्याच्या गावी असलेल्या केंद्रावर पेपर सुटल्यानंतर एसटीची वाट पाहत थांबलेले विद्यार्थी आपापले अनुभव एकमेकांना सांगत होते. मी इंग्रजी विषय शिकवतो हे त्यांतल्या काहींना ठाऊक असल्यामुळे त्यांनी मलाही त्या बोलण्यात ओढले. तेथे जे ऐकले ते प्रश्नपत्रिका काढणाऱ्या आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आम्हा सर्वांपर्यंत पोहोचणे मला अत्यंत आवश्यक वाटते, म्हणून आपल्या दैनिकाच्या माध्यमातून हे पत्र लिहीत आहे.

सुरुवातीचे बोलणे कोणत्याही पेपरनंतर होते तसेच होते. कोणी किती पुरवण्या घेतल्या, गाईडमधले कोणते प्रश्न जसेच्या तसे आले, टिपांना वेळ पुरला की नाही, वगैरे. पण थोड्याच वेळात गोष्ट इंग्रज कवी जॉन कीट्सच्या शरद ऋतूवरील कवितेवर आली आणि बोलण्याचा नूरच पालटला. 19 सप्टेंबर 1819 रोजी विंचेस्टर गावाबाहेर फेरफटका मारून आल्यावर कीट्सने ही कविता लिहिली. तिच्या दुसऱ्या कडव्यात शरद ऋतू माणसाच्या रूपात येतो. तो धान्याच्या खळ्यावर निवांत बसलेला आहे आणि उफणणीच्या वाऱ्याने त्याचे केस उडत आहेत, तो अर्धवट कापलेल्या पिकाच्या तासात झोपी गेला आहे, आणि कापणीनंतर शेतात राहिलेला सरवा वेचणाऱ्या बाईसारखा तो डोक्यावरचे ओझे सावरत ओढा ओलांडतो आहे. एक मुलगी म्हणाली, "सर, आमी तं दरसाल सोयाबीनचा सरवा येचायला जातोत. वझं घेऊन वढा वलांडताना पाण्याकडं बघायचं नसतंय, मान हालली की समदं खाली. त्या कवीनं हे बघितलेलंच आसंल." मी तिला विचारले, हे उत्तरपत्रिकेत लिहिलेस का? ती म्हणाली, नाही. नोट्समध्ये तसे नव्हते. नोट्समध्ये निसर्गाचे मानवीकरण, पंचेंद्रियांना जाणवणाऱ्या प्रतिमा आणि मृत्यूची चाहूल असे मुद्दे दिलेले होते, आणि तिने तेच क्रमाने लिहिले होते.

ते मुद्दे चुकीचे आहेत असे मी म्हणणार नाही. कीट्स क्षयाने ग्रासला आणि फेब्रुवारी 1821 मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी रोममध्ये वारला. त्यामुळे या कवितेतील परिपक्वतेमागे शेवटाची जाणीव आहे असे समीक्षक म्हणतात, ते योग्यच आहे. परंतु त्या मुलीने कवितेतील त्या ओळीविषयी जे सांगितले, ते मी वाचलेल्या कोणत्याही टिपणात नाही. ओझ्याखाली मान स्थिर ठेवण्याचा तो क्षण कवीने का निवडला, सगळे कडवे आळसावलेले, सुस्तावलेले असताना तेवढीच एक कृती सावध का आहे, या प्रश्नाच्या दाराशी ती स्वतःच्या अनुभवाने जाऊन पोहोचली होती. वाङ्मयाच्या अभ्यासात याहून अधिक काय अपेक्षित असते? परीक्षा हीच असेल तर तिने जे पाहिले ते परीक्षेत कुठेतरी उतरायला हवे होते.

दुसरे उदाहरण कादंबरीच्या प्रश्नाचे. थॉमस हार्डीच्या 1891 साली प्रसिद्ध झालेल्या 'टेस' या कादंबरीवर, नायिकेच्या शोकांतिकेला नियती कितपत जबाबदार आहे, असा प्रश्न होता. हा प्रश्न इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर गाईडमध्ये मुद्द्यांसह तयारच असते. एका विद्यार्थ्याने मात्र ते उत्तर लिहिले नव्हते. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळी झाली की टोळीबरोबर कारखान्यावर जायचे आणि उचल फिटेपर्यंत तेथून हलायचे नाही, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले आहे. त्याने लिहिले की टेसच्या वाट्याला जे आले ते नियतीने आणलेले नाही. घरचा घोडा मेल्यावर बापाचे उत्पन्न थांबते, म्हणून तिला नातलग समजल्या गेलेल्या श्रीमंत कुटुंबाच्या दारी जावे लागते. पुढे फ्लिंटकोम-अ‍ॅश येथील शेतावर ती ठरलेल्या तारखेपर्यंत राहण्याचा करार करून बसते, म्हणून मळणीयंत्रावर दिवसभर उभे राहून पेंढ्या सोडण्याचे काम अंगावर येऊनही तिला ते टाकून जाता येत नाही. बाप मेल्यावर त्याच्या हयातीपुरता असलेला घराचा भाडेपट्टा संपतो आणि कुटुंब रस्त्यावर येते, तेव्हाच ती ज्याला नकार देत आली त्या, त्याच श्रीमंत कुटुंबातील अ‍ॅलेककडे परत जाते. "सर, हे समदं पैशाचं हाय, नशिबाचं काय हाय ह्यात?" असे तो मला म्हणाला. लगेच त्याने विचारले, "पण मनानं लिहिलं तर मार्क कापतेत का?"

त्याच्या मित्रांनी उत्तर माझ्या आधीच दिले. कापतात, असे त्यांनी एकमुखाने सांगितले. नियतीचे सहा मुद्दे लिहिले असते तर सुखाने पास झाला असतास, असा त्यांचा सूर होता. हार्डीच्या कादंबरीत योगायोगांना फार मोठे स्थान आहे, आणि त्या विद्यार्थ्याने ते पूर्णपणे नाकारले असेल तर तपासनीसाने तसे त्याला अवश्य दाखवून द्यावे. परंतु त्याने कादंबरी वाचली होती, तिच्यातील व्यवहार ओळखले होते आणि त्यांचा आधार घेऊन स्वतःचे म्हणणे मांडले होते. अशा उत्तराविषयी मुलांच्या मनात धास्ती असावी, हेच मला सर्वांत जास्त लागले.

ही धास्ती निराधार नाही, हे मी उत्तरपत्रिका तपासण्याच्या अनुभवावरून सांगतो. एकाच गठ्ठ्यात अनेक मुलांची उत्तरे शब्दशः सारखी असतात, कारण सर्वांचे मूळ एक गाईड किंवा भ्रमणध्वनीवरून फिरलेली एकच टिपणे असतात. तपासणाऱ्यासमोर गठ्ठे भरपूर आणि वेळ थोडा असतो. परिचित मुद्दे दिसले की गुण पडतात. एखाद्याने तुटक इंग्रजीत, कर्ता-क्रियापदाची चूक करत, पण स्वतः विचार करून चार ओळी लिहिल्या, तर त्या चुकाच आधी डोळ्यांत भरतात. पाठ केलेल्या निर्दोष वाक्याला अधिक आणि स्वतःच्या सदोष वाक्याला कमी गुण मिळत राहिले, तर तिसऱ्या-चौथ्या सत्रापर्यंत हुशार मूलही पाठांतराकडेच वळते. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर काम करणारे अध्यापक किती आहेत आणि ग्रंथालयात मूळ पुस्तकाच्या प्रती किती आहेत, हे सर्वांना माहीत आहे. त्याविषयी आपल्या पत्रव्यवहारात पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून मी ते येथे वाढवत नाही.

मराठवाड्यातील विद्यार्थ्याने इंग्रजी वाङ्मय स्वतःच्या जगण्याशी ताडून वाचणे ही काही नवी किंवा अवघड अपेक्षा नव्हे. आमच्या भागात उच्च शिक्षणाची सोय उशिरा झाली. निजामी राजवटीत पदवीसाठी हैदराबादकडे पाहावे लागे. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय 1950 साली उभे राहिले आणि मराठवाडा विद्यापीठ 1958 साली. पण त्यानंतर थोड्याच वर्षांत याच मिलिंदचे प्राचार्य डॉ. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखकांच्या वाङ्मयाकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधले आणि ते वाङ्मय इथल्या दलितांच्या अनुभवाशेजारी ठेवून वाचायला शिकवले. मराठी दलित साहित्याच्या चळवळीला त्यातून जे बळ मिळाले ते सर्वज्ञात आहे. परक्या भाषेतील पुस्तक वाचून आपल्या गावाकडे नव्याने पाहण्याची ही परंपरा आमची स्वतःची आहे. ती परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र पोहोचू दिलेली नाही.

इंग्लंडमध्ये सोळा वर्षांच्या सुमारास दिल्या जाणाऱ्या जीसीएसई परीक्षेत इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना पूर्वी न वाचलेली कविता देऊन तिच्यावर प्रश्न विचारले जातात. नाटकावरील प्रश्नासोबत त्या नाटकातील उतारा बहुधा छापून दिलेला असतो. परीक्षेनंतर मंडळे गुणदानाचे निकष आणि परीक्षकांचा अहवालही प्रसिद्ध करतात. आपणही बारावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत कवितेच्या रसग्रहणाचा छोटासा प्रश्न ठेवलेला आहेच. म्हणजे सतराव्या वर्षी ज्याच्याकडून स्वतःचा अभिप्राय मागितला जातो, त्याच विद्यार्थ्याने पदवीला इंग्रजी वाङ्मय हा मुख्य विषय घेतला की त्याच्याकडून दुसऱ्याने लिहिलेला अभिप्राय मागितला जातो. ही उलटी चाल थांबली पाहिजे.

माझे म्हणणे इतकेच आहे की प्रत्येक पेपरात किमान एक प्रश्न असा असावा ज्यात कवितेचा किंवा कादंबरीचा उतारा छापून दिलेला असेल, आणि विद्यार्थ्याला त्या उताऱ्यात काय दिसले व कोणत्या शब्दांमुळे दिसले एवढेच विचारलेले असेल. त्या प्रश्नाचे गुण ठरवताना विचाराला आणि उताऱ्यातून दिलेल्या आधाराला मोठा वाटा द्यावा, भाषेच्या अचूकतेला लहान. गुणदानाचे हे निकष परीक्षेपूर्वीच महाविद्यालयांना कळवावेत, म्हणजे वर्गात शिकवणाऱ्यालाही गाईड बाजूला ठेवण्याचे धैर्य येईल. वर्गातील चर्चा मराठीतून झाल्यास कोणी नाक मुरडू नये. मुलीने सरव्याची गोष्ट आधी तिच्या बोलीत सांगावी, मग अध्यापकाने ती इंग्रजीत मांडायला तिला मदत करावी. तो तास वाया गेला असे मानण्याचे काहीच कारण नाही.

अशा प्रश्नाने दर्जा खालावेल, आमच्या मुलांना स्वतंत्रपणे इंग्रजी लिहिता येत नाही, असा आक्षेप काही सहकारी घेतील. लिहिता येत नाही हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण पाठ केलेले उत्तर लिहूनही त्यांना इंग्रजी लिहिता येत नाहीच, फक्त ते झाकले जाते. सहा सत्रे स्वतःची पाच-सात वाक्ये लिहिण्याचा सराव झाला तर पदवीअखेर काहीतरी हाती लागेल. पुढे याच मुलांना नेट-सेट ही अध्यापकपदाची पात्रता परीक्षा द्यायची आहे, शाळांत शिकवायचे आहे. तेथे मूळ संहिता वाचलेली असणेच उपयोगी पडते. तपासणीत मनमानी होईल ही भीती अधिक गंभीर आहे, हे मी मान्य करतो. तिच्यावर उपाय म्हणून तपासणीच्या पहिल्या दिवशी काही उत्तरे सर्व परीक्षकांनी एकत्र बसून वाचावीत आणि कोणत्या उत्तराला किती गुण हे आधी ठरवावे.

राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 नुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवे अभ्यासक्रम लागू होत आहेत आणि अभ्यास मंडळे वर्षागणिक पुढच्या सत्रांची रचना ठरवीत आहेत. प्रश्नपत्रिकेचे स्वरूप त्याच बैठकांत निश्चित होते. मराठवाड्यातील इंग्रजी विषयाच्या अभ्यास मंडळांच्या सदस्यांनी उन्हाळी परीक्षेचे पेपर काढले जाण्यापूर्वी हा एक प्रश्न समाविष्ट करण्याचा विचार करावा, आणि आत्ताच्या पेपराचे गठ्ठे ज्या परीक्षकांकडे जातील त्यांनी, एखादे उत्तर टिपणांशी जुळत नसेल तर ते खोडण्यापूर्वी पुन्हा एकदा वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
इंग्रजीचा एक अध्यापक,
अंबाजोगाई, जि. बीड