त्या तिघांनाही बास्क स्मारकात मोजा

प्रति,
माननीय मंत्री,
माजी सैनिक व स्मृती खाते,
फ्रान्स सरकार, पॅरिस

मंत्रिमहोदय, सादर नमस्कार. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, फ्रेंच लष्करानेच गोळ्या घातलेल्या तीन फ्रेंच शिपायांबद्दल हे पत्र आहे.

एन प्रांतात क्रानेल गावाजवळ, शमँ दे दामच्या डोंगरधारेखाली, एक उंच दगडी स्तंभ आहे. लोक त्याला बास्कांचं, म्हणजे फ्रान्स-स्पेन सरहद्दीवरच्या बास्क लोकांचं, स्मारक म्हणतात. १९२८ साली उभारलेलं हे स्मारक ३६व्या पायदळ डिव्हिजनच्या मृतांसाठी आहे. स्तंभाशी उभ्या असलेल्या पुतळ्याच्या अंगावर लष्करी गणवेश नाही. तो आपल्या मुलखाच्या पोशाखातला साधा बास्क गडी आहे. पहिल्या महायुद्धाची पुष्कळ स्मारकं मी पाहिली, पण मेलेला शिपाई मुळात कोण होता हे इतकं सरळ सांगणारं दुसरं मला आठवत नाही.

या डिव्हिजनमध्ये बायोन, पो, माँ-द-मार्साँ आणि तार्ब इथल्या पलटणी होत्या. म्हणजे बास्कांबरोबर शेजारच्या बेआर्न, लांद या मुलखांतले लोकही होते. १९१४च्या सप्टेंबरपासून ही माणसं याच उतारावर लढली. २५ जानेवारी १९१५ रोजी तोफांच्या माऱ्याने क्रूतच्या दगडखाणीचं तोंड कोसळलं आणि पोच्या १८व्या रेजिमेंटच्या दोन कंपन्या आत गाडल्या गेल्या. आधी घरं बांधण्यासाठी दगड काढलेली ती खाण. शिपाई तिच्यात आसऱ्याला गेले होते.

मला लिहायचं आहे ते याच १८व्या रेजिमेंटबद्दल. १६ एप्रिल १९१७ला फ्रेंच सेनापती जनरल निव्हेल यांचा हल्ला सुरू झाला आणि डोंगराच्या पायथ्याशीच माणसं कापली गेली. मे महिन्याच्या सुरुवातीला ३६व्या डिव्हिजनने क्रान गाव आणि त्यावरचं पठार घेतलं. त्याची किंमत भयंकर होती. उरलेल्यांना विश्रांतीसाठी मागे आणलं आणि महिना संपायच्या आत पुन्हा त्याच आघाडीवर जायचा हुकूम आला. २७ मेला व्हिलेर-स्युर-फेर गावात शिपायांनी जायला नकार दिला. आरडाओरडा झाला, दारूही होती, हे मी नाकारत नाही. पण ज्यांनी क्रान जिंकून दिलं, तीच ही माणसं होती.

लष्करी न्यायालयाने पाच जणांना मृत्युदंड दिला. १२ जून १९१७ रोजी मेझी गावात तिघांना गोळ्या घातल्या : कानेल, दिदिए आणि लास्प्लासेत. चौथा, कॉर्पोरल व्हँसाँ मुलिया, आदल्या रात्री निसटला आणि पुढे स्पेनमध्ये गेला. १९३६च्या माफीनंतर तो परत आला आणि म्हातारा होऊन वारला. म्हणजे जो पळाला त्याला प्रजासत्ताकाने माफ केलं. जे पळाले नाहीत त्यांचं काय?

पंतप्रधान लिओनेल जोस्पँ यांनी १९९८ साली क्रानमध्येच सांगितलं की या शिपायांना राष्ट्राच्या स्मृतीत पूर्ण स्थान मिळालं पाहिजे. जानेवारी २०२२ मध्ये राष्ट्रीय सभेने, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, पहिल्या महायुद्धात ‘जरब बसावी म्हणून’ गोळ्या घातलेल्या ६३९ जणांना सन्मान परत देणारं विधेयक मंजूर केलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये वरिष्ठ सभागृहाने, सिनेटने, ते फेटाळलं. इतिहासाला हात लावू नये, असा आक्षेप घेतला जातो. पण हेर आणि खुनी या यादीत नाहीतच, आणि कुणाचाही निकाल कागदोपत्री पुसून टाका असं कोणी म्हणत नाही. ब्रिटनने २००६ साली अशा ३०६ शिपायांना माफी दिली. त्याने तिथल्या एकाही शूर शिपायाचा मान कमी झालेला नाही.

मी मराठी माणूस आहे, फ्रान्समध्ये राहतो. आमच्याकडे साताऱ्यात, कोकणात गावोगावी ब्रिटिश अमदानीतल्या संगमरवरी पाट्या आहेत : या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यातले इतके मेले. आकडा आहे, नाव नाही. त्या घरांतल्या लोकांना आज आपला पणजोबा कुठे पडला ते विचारायला जागा नाही. इथे तर नावं आहेत, तारीख आहे, गाव आहे, खटल्याचे कागद आहेत. तरीही शंभरहून जास्त वर्षं ती माणसं उंबऱ्याबाहेर.

माझ्या मागण्या दोनच आहेत. ते विधेयक सरकारने स्वतःच्या जबाबदारीवर पुन्हा सिनेटपुढे ठेवावं. आणि ते मंजूर होण्याची वाट न पाहता, ३६व्या डिव्हिजनच्या मृतांत या तिघांचीही गणना होते, असं आपल्या खात्याने जाहीरपणे, लेखी सांगावं. याला कायदा लागत नाही, आपली सही पुरेशी आहे. मेझीमध्ये १२ जूनला आपण स्वतः येऊन ते वाचून दाखवलंत, तर गावकऱ्यांबरोबर मीही तिथे हजर असेन.

आपला नम्र,
फ्रान्समध्ये राहणारा एक मराठी नागरिक