डोंगरउतारावर खड्डे घेण्यापूर्वी

प्रति,
माननीय वनमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

तळेगाव दाभाडे येथील उघड्या गवताळ उतारांवर सापडलेल्या एका नव्या वनस्पतीविषयी हे पत्र आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. मंदार दातार आणि त्यांचे संशोधक विद्यार्थी भूषण शिगवण यांच्या अभ्यासातून 2024 मध्ये ती शास्त्रज्ञांसमोर आली आणि तिला ‘डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा’ हे नाव मिळाले. अडुळसा, कोरांटी आणि कारवी ज्या कुळातील, त्याच कुळातली ही वनस्पती. तिच्यासारखी कणसाच्या आकाराची फुलोऱ्याची रचना ‘डिक्लिप्टेरा’ या प्रजातीच्या, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाच्या, भारतातील इतर कोणत्याही जातीत आढळत नाही. तिचे जवळचे नातलग थेट आफ्रिकेत आहेत.

तिचे वागणेही निराळे आहे. पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ती फुलते, हा तिचा पहिला बहर. पुढे गवत वाळते, वणवा लागतो, उतार काळे पडतात आणि सारे संपले असे वाटत असतानाच जमिनीतल्या तिच्या लाकडी मुळातून बुटके फुटवे वर येऊन मे-जूनमध्ये ती पुन्हा फुलते. पहिले नमुने 2020 मध्ये गोळा झाले होते; पण ही दोन रूपे एकाच जातीची आहेत आणि दरवर्षी तशीच येतात, याची खात्री करण्यासाठी अभ्यासकांना पुढील काही वर्षे त्याच उतारांवर जावे लागले.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, ज्या जमिनीवर ती उगवते तिला आपल्या व्यवहारात ‘पडीक’ म्हणतात. झाड नाही म्हणजे काहीच नाही, हा समज सरकारी कागदांइतकाच आम्हा नागरिकांच्या मनातही पक्का आहे; वृक्षदिंडीत घोषणा देत मीही टेकडीवर रोपे लावलेली आहेत, त्यामुळे हा दोष केवळ आपल्या विभागाचा आहे असे मी म्हणणार नाही. 2019 च्या पावसाळ्यात राज्याने 33 कोटी झाडांचे उद्दिष्ट ठेवले होते. एवढ्या झाडांना जागा लागते आणि ती शोधताना नजर साहजिकच उघड्या माळांकडे वळते. तेथे सलग समतल चर खणले, खड्डे घेतले, ग्लिरिसिडियासारखी भराभर वाढणारी परदेशी झाडे लावली, की सावली होते. पण उन्हात वाढणारे गवत आणि त्याच्या आधाराने जगणाऱ्या लहान वनस्पती त्या सावलीत टिकत नाहीत. जे रोप वणव्यातून उठते, ते कुदळीतून उठेलच असे नाही.

वणव्याबद्दल गैरसमज नको. नवे गवत लवकर फुटावे म्हणून उतार पेटवण्याच्या प्रथेचे मी समर्थन करत नाही. एका वनस्पतीला आग सोसते म्हणून पाखरांची घरटी आणि सरपटणारे जीव तिच्यातून वाचत नाहीत. मात्र या उतारांवर आग कधी लागते, किती वेळा लागते आणि ती पूर्णपणे थांबवल्यास काय होईल, हे अभ्यासकांना विचारल्याशिवाय एकच नियम सर्वत्र लावू नये.

माझी विनंती मर्यादित आहे. कोणत्याही गवताळ उतारावर वृक्षलागवडीचा किंवा चर खणण्याचा आराखडा मंजूर करण्यापूर्वी तेथील वनस्पतींची पाहणी व्हावी, आणि ती किमान दोन ऋतूंत व्हावी: एकदा पावसाळ्यानंतर, एकदा भर उन्हाळ्यात. एकाच भेटीचा अहवाल येथे पुरेसा नाही. ऑगस्टमध्ये गेलेल्या अधिकाऱ्याला या वनस्पतीचे एकही फूल दिसणार नाही आणि तो प्रामाणिकपणे ‘केवळ गवत’ असे लिहून मोकळा होईल. गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांच्या नोंदवह्यांत माळावरच्या वनस्पतींचीही नोंद व्हावी; गुराख्यांना त्या आपल्याहून अधिक ठाऊक असतात.

तळेगावच्या उतारांपुरते आणखी एक मागणे आहे. जैविक विविधता अधिनियम, 2002 मधील कलम 37 नुसार जैवविविधता वारसा स्थळ घोषित करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. स्थानिक स्वराज्य संस्था आणि आघारकर संस्थेशी चर्चा करून हे उतार त्यासाठी योग्य आहेत का, हे आपण तपासून घ्यावे आणि तो निर्णय होईपर्यंत तेथे खोदकाम करू नये, असे लेखी आदेश द्यावेत.

आपला नम्र,
मावळ तालुक्यातील एक रहिवासी