डाएट चार्ट आमच्या ताटातला द्या

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात आईला टाईप टू डायबेटीस निघाला, एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज ७.९ आला (६.५ पासून पुढे डायबेटीस धरतात). दवाखान्यातून छापील चार्ट मिळाला, त्यात ओट्स, ब्राऊन ब्रेड, पनीर. आता गुहागरजवळच्या वाडीत हे रोज कुठून आणायचं आणि जन्मभर भात-आमटी खाल्लेल्या बाईने ते गिळायचं तरी कसं?

शेवटी एका आहारतज्ज्ञ ताईंनी तिच्याच ताटातलं सांगितलं, भात एकच वाटी, आधी भाजी आणि कुळथाची पिठी, बांगडा तळायचा नाही, तिखलं करायचं, चहात साखर बंद. नाचणीची भाकरीही एकच, कारण नाचणीनेही शुगर वाढते, आमच्याकडे लोक ती औषध समजून तीन-तीन खातात. सकाळची पेज सुटली तेव्हा आई रडली हो, पण मऊ शिजलेल्या भाताने शुगर पटकन चढते. गोळ्या अर्थात चालूच आहेत.

कोकणातल्या प्रत्येक दवाखान्याने असा आपल्या जेवणाचा चार्ट मराठीत छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ता. गुहागर