निळ्या शाईतले तीन शब्द

आदरणीय डॉक्टर,
सादर नमस्कार.

पुढच्या आठवड्यात मला फेरतपासणीसाठी यायचे आहे. निकाल हाती आल्यावर आभार मानावेत हे मला बरोबर वाटेना, कारण तुमचे ऋण त्या निकालावर अवलंबून नाही.

वर्षापूर्वी तुमच्यासमोर बसले तेव्हा माझ्या पर्समध्ये तो अहवाल चार घड्या घालून ठेवलेला होता. त्यावर ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ असे होते, म्हणजे लैंगिक संबंधातून येणारा आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरू शकणारा विषाणू माझ्यात सापडला होता, आणि आधीच्या दवाखान्यात तो माझ्या हाती देताना, मान वर न करता, ‘नवऱ्याला विचारा’ एवढेच सांगण्यात आले होते. त्या दोन शब्दांनी आठ दिवस माझ्या घरात काय केले, ते इथे लिहीत नाही. समोरच्या माणसाकडे पाहून बोलण्याला शिक्षण किंवा वेळ फारसा लागत नाही, आणि तेवढेही ज्यांनी केले नाही त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही तो कागद टेबलावर तळहाताने सपाट केलात आणि त्या शब्दांशेजारी निळ्या शाईने लिहिलेत : ‘हा कर्करोग नव्हे.’ मग पेन खाली ठेवून, माझे रडणे ओसरेपर्यंत, नुसत्या बसून राहिलात.

नंतर तुम्ही समजावलेत की गर्भाशयमुखावरून घेतलेल्या नमुन्यात एका तपासणीने विषाणू शोधतात आणि पॅप तपासणीने पेशींचे रूप बदलले आहे का ते पाहतात. माझ्यात विषाणू होता, पेशी मात्र निरोगी होत्या. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेकांना हा विषाणू केव्हातरी गाठतो, बहुतेकांचे शरीर एक-दोन वर्षांत तो स्वतःच घालवते, आणि तो वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकत असल्यामुळे कुणाकडून, केव्हा आला हे कोणताही अहवाल सांगू शकत नाही. हे शेवटचे तुम्ही दोनदा सांगितलेत. का, ते मी न बोलताच तुम्हाला कळले होते.

तरीही तुम्ही काही लपवले नाही. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे या विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार असतात, माझा त्यांतला नव्हता, म्हणून वर्षाने पुन्हा तपासणी; विषाणू टिकून राहिलाच तर कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख नीट पाहणे, आणि शंका आली तर बारीकसा तुकडा तपासणे. पेशींतल्या बदलांचा कर्करोग होण्यास बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात आणि एवढ्या अवधीत ते बदल काढून टाकता येतात, हे ऐकल्यावर त्या रात्री मी झोपू शकले.

‘घाबरू नका’ असे तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. ‘वर्षाने नक्की या,’ एवढे म्हणालात. मी येते आहे, आणि तोच कागद सोबत आणते आहे.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण