वरच्या मजल्यावरच्या काकांना, टॉर्च धरल्याबद्दल

काका,

हे तोंडावर सांगायला आले असते तर तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलला असता, म्हणून लिहूनच टाकतेय आणि तेही सगळ्यांसमोर, कारण बिल्डिंगमधल्या बऱ्याच जणांना वाटतंय की माझ्या बेसिनचा मिक्सर, म्हणजे गरम-गार पाण्याचा एकत्र नळ, तुम्ही बसवून दिलात. नाही. मिक्सर मी बसवला. तुम्ही जे केलंत ते मला त्याहून अवघड वाटतं, ते पुढे सांगते.

आधी मनातली मळमळ काढून टाकू दे. नळ गळायला लागला तेव्हा जो पहिला प्लंबर आला त्याने दारातच विचारलं, "साहेब कधी असतात घरी?" अरे बाबा, नळ गळतोय, साहेब नाही. तरी आत आला, खाली कनेक्शन पाईपच्या नटावर टेफ्लॉन, ती पांढरी पातळ टेप, गुंडाळ गुंडाळ गुंडाळलं, पान्याने जीव खाऊन आवळलं आणि गेला, आणि आता पाणी वरून पण आणि खालून पण. दुसऱ्याने तर वाकण्याचे पण कष्ट घेतले नाहीत, उभ्या उभ्या मोबाईलचा लाईट मारला आणि "पूर्ण बेसिनच बदलावं लागेल मॅडम" असं जाहीर केलं. मग एक आला त्याने निदान कार्ट्रिज, म्हणजे नळाच्या आतली पाणी उघड-बंद करणारी डबी, काढून बघितलं, मला बरं वाटलं, पण आत ३५ मिमीचं कार्ट्रिज आणि त्याच्या पिशवीत ४० चं, ते कुठून बसणार, तरी दाबून दाबून बघितलं आणि मग "उद्या येतो" म्हणाला. तो उद्या अजून उजाडायचाय. आणि या सगळ्यात घरच्यांचं आणि ओळखीपाळखीच्यांचं एकच, कुणाला तरी बोलव, तुला नाही जमायचं ते. अहो बोलवलं ना, बोलवूनच तर ही वेळ आली.

तोपर्यंत नळाच्या बुडातून पाणी झिरपून खालच्या कपाटाचं प्लाय फुगलं होतं. म्हणून म्हटलं आता कार्ट्रिज वगैरे नको, अख्खा मिक्सरच नवीन आणायचा आणि आपणच बसवायचा. आणला पण. वाचलं होतं, व्हिडिओ बघितले होते, गिझर बंद केला, दोन्ही अँगल कॉक, म्हणजे बेसिनखाली भिंतीतून पाणी सोडणाऱ्या तोट्या, बंद केले, नळ उघडून पाईपमधलं उरलेलं पाणी काढून टाकलं, सगळं शहाण्यासारखं. आणि मग बेसिनखाली उताणी पडून बघते तर जुन्या नळाचा नट गंजून क्षार चढून असा बसलेला की जागेवरून हलेना, आणि बेसिनची वाटी आणि भिंत यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या जागेत साधा पाना फिरतच नाही. ज्याने कधी ते केलंय त्यालाच कळेल मी काय म्हणतेय. व्हिडिओत तो माणूस बेसिन टेबलावर ठेवून दाखवतो, भिंतीला लावलेल्या बेसिनखाली पडून कुणी दाखवत नाही.

तेव्हा मी वर आले. पाना मागायला, बाकी काही नाही. आणि तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात, "खाली एकच बारीक स्टड आहे का मोठा नट आहे?" कोण करतंय, तू करतेयस का, मिस्टर कुठे आहेत, यातलं काही नाही. स्टड, म्हणजे नळाच्या बुडातून खाली येणारी आट्यांची बारीक दांडी, आहे म्हटल्यावर तुम्ही लांब नळीचे बॉक्स पाने काढलेत, काहीला ११ चा लागतो काहीला १३ चा, दोन्ही ने म्हणालात. मी जिना उतरायला लागले तर मागून तुम्ही पण निघालात, हातात टॉर्च. माझ्या मनात आलंच, खरं सांगते, झालं, आता हे पाना मागून घेतील आणि मी बाजूला उभी राहून "थँक्यू काका" म्हणणार.

तुम्ही पाना मागितला नाहीत. बाथरूमची फरशी ओली होती, तिच्यावर एक पोतं टाकलंत आणि तुमच्या त्या गुडघ्यांसकट खाली बसलात, मग बसून दिसेना म्हणून कोपरावर आडवे झालात, आणि टॉर्च धरलात. फक्त टॉर्च धरलात.

यात काय विशेष असं ज्याला वाटेल त्याने एकदा कुणाकडून तरी टॉर्च धरून घ्यावा. माणूस थोड्या वेळाने स्वतःला जे बघायचंय तिकडे उजेड नेतो, किंवा बोलता बोलता हात खाली जातो, किंवा थेट डोळ्यात. लहानपणी आपण सगळ्यांनी बाबांच्या शिव्या खाल्ल्यात त्यापायी. तुमचा उजेड माझ्या हाताबरोबर फिरत होता. मी पाना डावीकडे नेला की उजेड डावीकडे, माझ्या डोक्याची सावली नटावर पडली की तुम्ही न सांगता दुसऱ्या बाजूने यायचात. तुम्ही वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस, तो नट तुम्ही डोळे मिटून काढला असता, आणि मी पाना उलटसुलट लावतेय, घसरतोय, परत लावतेय, आणि तुम्ही गप्प. हात शिवशिवत असतील हो तुमचे! मला दिसत होतं, एकदोनदा मोकळा हात पुढे आला आणि परत मागे गेला. तो मागे गेलेला हात मी विसरणार नाही काका. नट सुटला तेव्हा मी ओरडले, आणि तुम्ही नुसतं "हं" म्हणालात, जसं काही तो सुटणारच होता.

बाकीचं तुम्ही सांगितलंत पण किती मोजकं, आणि प्रत्येक वेळी कारणासकट, म्हणून ते डोक्यात राहिलं. नवीन मिक्सरच्या दोन पाईपपैकी एकाची मान, म्हणजे नळात फिरवून बसवायचं वरचं टोक, लांब आणि एकाची आखूड का, मला वाटलं होतं डिफेक्टिव पीस आला, तर ते मुद्दाम तसं असतं, दोन्ही शेजारी शेजारी बसवताना नट एकमेकांना अडू नयेत म्हणून. ते वरचं टोक ओ-रिंगवर, म्हणजे रबरी कड्यावर, सील होतं, तिथे हातानेच आवळायचं, पाना नाही आणि टेप तर नाहीच. खाली अँगल कॉकला पण नटाच्या आत रबरी वायसर असतो, पाणी तो अडवतो, आटे नाही अडवत, मग तिथे टेफ्लॉन कशाला? हाताने घट्ट आणि वर पान्याने थोडासा पीळ, बस्स. टेपचं काम भिंतीत जिथे अँगल कॉक शिरतो तिथे, आणि तीही आट्यांच्या दिशेने गुंडाळायची नाहीतर फिरवताना सुटून येते. म्हणजे त्या पहिल्या महाशयांनी जिथे नको तिथे अर्धं रीळ संपवून जास्त आवळून वायसर कापला होता, हे तुम्ही जुना वायसर बोटावर घेऊन मला दाखवलंत. त्याला नाव नाही ठेवलंत. मी ठेवली, भरपूर.

नळ बेसिनला खालून धरून ठेवणारी ती अर्धचंद्राची लोखंडी पत्री मी उलटी लावणारच होते की तुम्ही म्हणालात, "चिनी मातीला लोखंड लावू नये." एवढंच. आधी रबर, मग पत्री, मग नट, आणि नट आवळायचा तो नळ हलायचा थांबेपर्यंत, त्यापुढे गेलीस तर बेसिनला तडा. आणि पाणी सोडायच्या आधी तोटीची जाळी काढायला लावलीत. मला ते उगाचच वाटलं. पण कॉक उघडल्यावर जी काळपट लाल घाण आणि वाळू आली ती बघून कळलं, हे कण आत जाऊनच कार्ट्रिजच्या सिरॅमिक चकत्यांवर चरे पडतात आणि नवा नळ वर्षभरात ठिबकायला लागतो. माझ्या जुन्याचं बहुधा तेच झालं असणार, बसवताना कोणी जाळी काढली असेल असं मला वाटत नाही.

नंतर तुम्ही कपाटात कोरडा पेपर अंथरायला सांगितलात आणि निघून गेलात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजवून विचारलंत, "पेपर कसा आहे?" कोरडा होता. पाहुणा बघायला आल्यासारखे आत येऊन तुम्ही त्या पेपरवर हात फिरवलात आणि खुश होऊन गेलात.

मला राहून राहून वाटतं की मदत करणारे पुष्कळ भेटतात पण त्यातले बरेच मदत करता करता आपलं काम आपल्या हातातून काढून घेतात. झालं तुझं, सरक, दे इकडे. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण नळ दुरुस्त होतो आणि आपण होतो तिथेच राहतो, पुढच्या वेळी परत त्यांच्या दारात. ज्याला येतं त्याने न करणं, गप्प राहून नीट उजेड दाखवणं, हे मी फार कमी लोकांत बघितलंय. माझ्या ऑफिसात तर एकही नाही, तिथले सगळे "दे इकडे" वालेच. तुमच्या हाताखाली जी पोरं शिकली असतील त्यांचा मला आता हेवा वाटतो.

आणि हो, त्या "साहेब कधी असतात" वाल्याचा परवा फोन आला होता, मॅडम नळाचं काय झालं म्हणून. मी म्हटलं बसवला. कोणी बसवला? मी. पलीकडे जरा वेळ शांतता, मग म्हणाला लीक होईल बघा. अजून तरी नाही झाला. पेपर रोज बघते.

तुमचे दोन्ही बॉक्स पाने अजून माझ्याकडेच आहेत, विसरले नाहीये. पण लगेच परत देता येणार नाहीत, कारण माझ्या खालच्या मजल्यावरच्या ताईंचा नळ पण बुडातून गळतोय, त्यांनी मला विचारलं आणि मी रविवारी येते म्हणून सांगून बसलेय, पान्यांसकट, तुम्हाला न विचारता. चालेल ना? आणि त्यांचा स्टड नाहीये, मोठा नट आहे. त्याला कुठला पाना लागतो?

तुमची,
खालच्या मजल्यावरची