नव्या ठाण्याचा चार्ज घेतोयस म्हणून

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज वाचला, छोट्या गावाचं पोलीस ठाणं मिळालंय म्हणालास, आणि लगेच पुढे विचारलंस की इथल्या लोकांच्या मनात आदर कसा मिळवायचा, कारण आधीच्या साहेबांचा दबदबा होता पण त्यांची पाठ फिरल्यावर कुणी एक चांगला शब्द काढला नाही. फोनवर हे नीट बोलून झालं नसतं म्हणून लिहायला बसलोय. जरा लांबेल, पण वाच.

मला जे वाटतं ते आधीच सांगून टाकतो. पोलिसाला आदर मिळतो तो ज्यांचं काम झालं नाही त्यांच्याकडून. ज्याची चोरीला गेलेली गाडी सापडली तो तर गुण गाणारच रे, त्यात काय विशेष. पण ज्याची सापडली नाही, ज्याला दंड झाला, ज्याच्या पोराला तू रात्री ठाण्यात बसवून ठेवलंस, तो माणूस बाहेर जाऊन तुझ्याबद्दल काय बोलतो यावर सगळं ठरतं.

बाबा पोलिसात नोकरीला असताना तक्रार कशी घ्यायचे ते मी जवळून पाहिलंय. माणूस समोर येऊन बसला की आधी पेन खाली ठेवायचे. त्याचं सगळं बोलून होऊ द्यायचे, मध्येच तोडायचे नाहीत, तो रडला तर थांबायचे, आणि मग लिहायला घ्यायचे. लिहून झालं की मोठ्याने वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "राहिलं काही?" आणि बहुतेक वेळा राहिलेलं असायचंच, आणि तेच कामाचं असायचं. शेवटी स्पष्ट सांगायचे की वस्तू मिळेलच असं वचन देत नाही, पण काय झालं ते मी तुम्हाला कळवीन. आणि कळवायचे! काहीच हाती लागलं नाही हे सांगायलासुद्धा स्वतः जायचे. त्यांचे सोबतचे लोक म्हणायचे की कशाला जाता, नाही मिळालं म्हणजे नाही मिळालं. पण पुढे कुठे काही गडबड झाली की गुपचूप येऊन खबर देणारे हेच लोक असायचे, ज्यांना बाबा रिकाम्या हाताने भेटून आले होते.

हे फक्त बाबांच्या प्रेमापोटी म्हणत नाहीये. टॉम टायलर नावाच्या अभ्यासकाने शिकागोत शेकडो लोकांशी बोलून 1990 साली हेच मांडलं, की लोक पोलीस आणि कोर्टाला मानतात ते निकाल आपल्या बाजूने लागला म्हणून नाही, तर आपलं ऐकून घेतलं का, सगळ्यांना एकच माप लावलं का, माणूस म्हणून वागवलं का, याच्यावरून. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला 2009-10 मध्ये दारू पिऊन गाडी चालवणारे पकडायच्या नाकाबंदीत याची ट्रायल घेतली होती. एकूण 60 नाकाबंद्या, निम्म्या ठिकाणी नेहमीसारखंच, आणि निम्म्या ठिकाणी पोलिसांनी नीट सांगायचं की तुम्हाला वेगळं काढून थांबवलेलं नाही, हे का करतोय, तुम्हाला काही सांगायचंय का, आणि शेवटी थँक्यू. एवढं एक-दोन मिनिटांचं बोलणं, पण त्या ड्रायव्हर लोकांचं पोलिसांबद्दलचं मत दुसऱ्या गटापेक्षा चांगलं निघालं. विचार कर, एक-दोन मिनिटं.

आता याची उलटी बाजू, आणि छोट्या गावात हीच जास्त छळते. शिकागोच्याच वेस्ली स्कोगनने 2006 मध्ये हिशोब मांडला की पोलिसांच्या वाईट अनुभवाचा परिणाम चांगल्या अनुभवाच्या चार ते चौदा पट असतो. म्हणजे तू तिघांशी नीट वागलास आणि चौथ्याच्या आईबापाचा उद्धार केलास तर हिशोब बरोबरीत सुटत नाही, तू तोट्यात जातोस. मोठ्या शहरात असा माणूस गर्दीत हरवून जातो तरी, छोट्या गावात तो कुणाचा तरी मेहुणा, कुणाचा तरी शेजारी, कुणाचा तरी वर्गमित्र असतो आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात बोभाटा झालेला असतो. म्हणून डोकं शांत ठेवणं हा तिथे तुझ्या नोकरीचा अर्धा भाग आहे असं समज. 1829 मध्ये ब्रिटनचा तेव्हाचा गृहमंत्री रॉबर्ट पीलने लंडनचं पोलीस दल उभं केलं तेव्हा शिपायांना दिलेल्या सूचनांमध्येसुद्धा रागावर पूर्ण ताबा हा पोलिसाचा सगळ्यात गरजेचा गुण म्हणून लिहिला होता, आणि लोकांना फौज आली असं वाटू नये म्हणून लष्करासारखा लाल न देता निळा युनिफॉर्म दिला होता. त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं की लोकांनी मान्य केलं तरच हे काम चालणार.

दुसरं म्हणजे गाडीतून उतर. खरंच सांगतो. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत 1972-73 मध्ये काही भागात गाडीतली रोजची गस्त बंद केली, काही भागात दुप्पट-तिप्पट वाढवली, काही ठिकाणी होती तशी ठेवली, आणि गुन्ह्यांत काही फरकच पडला नाही, लोकांच्या तर ते लक्षातही आलं नाही! याउलट अमेरिकेतल्याच न्यूअर्कमध्ये 1978-79 ला पायी गस्तीचा प्रयोग झाला, तिथेही गुन्हे कमी झाले असं दिसलं नाही हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, पण लोकांची भीती कमी झाली आणि पोलिसांबद्दलचं मत सुधारलं. काच वर करून गेलेला साहेब कुणालाच भेटत नाही ना. जपानमध्ये खेड्यापाड्यात चुझाईशो नावाची चौकी असते, तिथला पोलीस चौकीला लागूनच असलेल्या घरात बायकोपोरांसकट राहतो आणि हद्दीतल्या घरांना भेटी देणं हा त्याच्या ड्युटीचाच भाग असतो. तुला तसं राहता येणार नाही कदाचित, पण काहीही घडलेलं नसताना लोकांना भेटणं हे तुझ्या हातात आहे. माणसाने तुझा चेहरा पहिल्यांदा पाहिला तो त्याच्या दारात संकट उभं असताना, असं होऊ देऊ नकोस.

एका गोष्टीची मात्र मला तुझ्याबाबतीत काळजी वाटते, कारण तू मनाने चांगला आहेस आणि पटकन मिसळतोस. पहिल्याच आठवड्यात गावातली वजनदार माणसं तुला भेटायला येतील, कार्यक्रमाला बोलावतील, फुकट सोयी करून देतील, प्रेमानेच करतील. जा, भेट, बोल, पण लोक बघत असतात की साहेबांची उठबस कुणाकडे आहे. एकाच कंपूत दोन-तीन वेळा दिसलास की दुसऱ्या बाजूच्या माणसासाठी ठाण्याची पायरी आणखी उंच होते, मग तो मार खाईल पण तक्रार द्यायला येणार नाही. आणि वजनदार माणसाच्या पोराने नियम मोडला तर तीच पावती फाड जी कुणाच्याही पोराला फाडली असतीस, उशीर न करता, फोन यायच्या आधी. हे एकदा लोकांनी पाहिलं की तुझ्या शब्दाला वेगळंच वजन येईल.

हाताखालच्या लोकांचंही बघ. ज्या शिपायाला तू चारचौघांत झापतोस तो तेच बाहेर जाऊन लोकांवर काढतो. आणि ठाण्याकडून कुणाच्या बाबतीत चुकलं तर सरळ माफी माग, त्याने वर्दीचा मान कमी होत नाही.

चार्ज घेतलास की सगळ्यात आधी जुन्या पडून राहिलेल्या तक्रारींचं रजिस्टर मागव आणि ज्यांना आजवर काहीच कळवलेलं नाही अशा लोकांना एकेक करून भेटून ये, एखाद्या तरुण शिपायाला सोबत घे म्हणजे तोही शिकेल. सुरुवातीला लोक चिडून बोलतील, बोलू दे, ऐकून घे. पहिल्या काही भेटी झाल्या की मला नक्की लिही, कोण काय म्हणालं ते सगळं मला जाणून घ्यायचंय.

तुझाच,
दोस्त