विषय : वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील माझ्या घराचा परस्पर ठरवलेला सौदा आणि दलालीची मागणी

शाखा व्यवस्थापक यांस,

काल तुमच्या ऑफिसातून आलेल्या फोननंतर हे पत्र लिहिते आहे. करार तुमच्याच वकिलाने केलेला आहे, तेव्हा कलमे पुन्हा उतरवत नाही.

घर माझ्या नावावर आहे. तुम्हाला काम दिले ते गिऱ्हाईक आणण्याचे. किंमत 85 लाखांखाली नाही, येईल ती ऑफर मला लेखी कळवायची, 2 टक्के दलाली दस्तावेज नोंदल्यावर. कुलमुखत्यारपत्र मी दिलेले नाही. तरी तुम्ही 72 लाखांत सौदा ठरवून टोकन घेतलेत. मला हे कळले कधी? गिऱ्हाईक मिस्त्रीला घेऊन माझ्या माजघराची मापे घ्यायला आले तेव्हा! त्यांच्या हातातल्या पावतीवर तुमचा शिक्का, खाली ‘मालकाच्या वतीने’, आणि माझे आडनावसुद्धा चुकीचे. बोलता बोलता तेच म्हणाले की तुमचे एक भागीदार त्यांचे सख्खे मेहुणे आहेत. शेजारचे गृहस्थ 86 लाख द्यायला तुमच्याकडे आले होते, त्यांना तुम्ही ‘घर गेलं’ म्हणून वाटेला लावलेत. ती ऑफर मला आजतागायत कळवलेली नाही.

आता कालचा फोन. तुमच्या ऑफिसातला मुलगा म्हणाला, ‘‘आंटी, एक्सक्लुझिव्ह करार आहे, सहा महिने घर कंपनीच्या हातात. बानाखतावर (विक्रीच्या करारावर) सही करा, नाहीतर दलाली भरा.’’ मी विचारले, तुम्ही माझे एजंट की त्या गिऱ्हाइकाचे? म्हणाला, ‘‘दोघांचे.’’ मी विचारले, मग त्यांच्याकडून किती घेतलेत? तो गप्प. मी करारातले किमतीचे कलम वाचायला घेतले, तर मला मध्येच तोडून म्हणाला, ‘‘घरमां कोई जेन्ट्स होय तो फोन आपो ने, एमने समजावी दऊं.’’ मी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली आहे. लोकांचे दस्तावेज आणि बानाखते वाचण्यात माझा जन्म गेला. माझ्याच घराबद्दल बोलायला मी कोणाला फोन देऊ?

भारतीय करार कायदा 1872 चा आहे. कलम 211 प्रमाणे एजंटने मालकाच्या सूचनेप्रमाणे वागायचे असते, 213 प्रमाणे मागेल तेव्हा हिशेब द्यायचा असतो. कामात गैरवर्तन केले तर त्या कामाची दलाली मिळत नाही, हे कलम 220. गिऱ्हाईक आणण्याचा अधिकार म्हणजे घर विकण्याचा अधिकार नव्हे, आणि हे तुमच्यासारख्या जुन्या कंपनीला मी सांगावे याचे मला फार वाईट वाटते. रावपुऱ्यातल्या आमच्या नातेवाइकांनी तुमचे नाव विश्वासाने सुचवले होते.

या पत्राने मी तुमचा अधिकार काढून घेते आहे. टोकन गिऱ्हाइकाला परत करा. माझ्या घरासाठी आलेल्या सगळ्या ऑफर आणि घेतलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब 15 दिवसांत लेखी द्या. 86 लाखांची ऑफर का लपवली, तेही लिहा. दलालीचा एक पैसा मिळणार नाही. उत्तर आले नाही तर वडोदऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन, आणि या घराबाबत तुम्हाला कोणताही अधिकार नाही अशी जाहीर नोटीस गुजराती आणि मराठी दोन्ही वर्तमानपत्रांत देईन.

यापुढे फोन करू नये. जे असेल ते लेखी, आणि माझ्याच नावाने.

घरमालकीण